नापासांचं बीजगणित

"सर, बरोबरची चिन्हं बघितलीत? सगळी एकाखाली एक. एकसुद्धा इकडे-तिकडे नाही."

उपाध्ये सर मान खाली घालून ऐकत होते.

पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. ते सावकाश पानं उलटत होते.

"आणि कंस बघा. आतला अपूर्णांक जेवढा उंच, तेवढाच कंस उंच. वर्गमुळाचं छप्पर पार शेवटच्या अंकापर्यंत जातं. आधी मध्येच तुटायचं. त्यातच माझा एक पावसाळा गेला."

"हं."

वहिदा मुजावर आणखी पुढे सरकून बसली. या सकाळची तिने सहा वर्षं वाट पाहिली होती.

सरांचं कौलारू घर कुरुंदवाडला नदीच्या घाटामागच्या गल्लीत होतं. पुढे ओसरीसारखा लांबट सोपा, सोप्यात एक सतरंजी. याच सतरंजीवर दर मे महिन्यात सरांचा वर्ग भरायचा. शाळेतून निवृत्त झाल्यावरही भरायचा. वर्गाला यायची एकच अट होती, गणितात नापास झालेलं असलं पाहिजे.

त्या मुलांसाठी सरांनी सात वह्या लिहिल्या होत्या. पहिल्या वहीवर शाईने नाव घातलं होतं... 'नापासांचं बीजगणित'.

सहा वर्षांपूर्वी त्या वह्या वहिदाने मागून घेतल्या. ती इचलकरंजीला एका तंत्रनिकेतनात शिकवत होती. गणिताचा मजकूर संगणकावर सुबक मांडावा तर तिनेच, असं तिथले सगळे म्हणत. दुसऱ्यांचे प्रबंध तिच्याकडे यायचे आणि नवे कपडे घातल्यासारखे परत जायचे.

"सर, असं पुस्तक करून देते की मराठीत कुणी बघितलं नसेल," ती म्हणाली होती.

"बघायचं कुठलं? वाचायचं," सर म्हणाले होते, आणि वह्या कापडात बांधून दिल्या होत्या.

टायपिंग चार महिन्यांत झालं.

पण समीकरणाच्या चौकटीत क्ष टाकला की तो फुटायचा. क पाय मोडून एकीकडे पडायचा आणि ष लांब जाऊन बसायचा. सगळ्यांनी सांगितलं, इंग्रजी एक्स घाल. सरांना ते चालणार नव्हतं. पोराला आधीच गणिताची भीती, त्यात परकं अक्षर कशाला, असं ते म्हणत.

वहिदाने क्ष सांधला. मग घातांक बसवले. मग अपूर्णांकाची रेघ बरोबरच्या चिन्हाच्या मधोमध येईना, ती आणली. मग सगळं जुनं वाटायला लागलं, म्हणून ती दुसरी प्रणाली शिकली. तिच्यात गणित चौकटीत भरायचं नसतं, आज्ञा लिहून मांडायचं असतं. सातही वह्या तिने पहिल्यापासून पुन्हा घातल्या.

दर मे महिन्यात सरांचा फोन यायचा.

"झालं का गं?"

"सर, कंस अजून नीट बसत नाहीत."

"कंस बसतील. पोरं उभी आहेत."

ती हसायची. थोडंच राहिलंय, म्हणायची.

पाचव्या वर्षी फोन आला नाही. तेवढंच बरं, असं तिला वाटलं होतं. मागे कुणाचा तगादा नसला की हात चांगला चालतो.

आणि आज पुस्तक सरांच्या मांडीवर होतं.

सरांच्या पत्नी विमलकाकूंनी दार उघडलं तेव्हा त्या काहीतरी सांगणार होत्या. "आलीस होय... बस," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. वहिदाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने चपला काढता काढताच पिशवीतून पुस्तक काढलं होतं.

"सर, काहीतरी बोला ना. कसं वाटतंय?"

सरांचा हात एका पानावर थांबला. त्यांनी पान तळव्याने सारखं केलं. वरून खालपर्यंत अंगठा फिरवला.

"सुरेख आलंय," ते म्हणाले.

वहिदाने पानाकडे पाहिलं...

"सर..."

"हं?"

"ते कोरं पान आहे. शेवटचं."

सरांचा अंगठा तिथेच राहिला.

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग तोही थांबला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"डावा डोळा आधीच गेला होता. उजवा गेल्या दिवाळीपर्यंत होता. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, उशिरा आलात."

"मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर घाई केली असतीस."

"केली असती, सर! खरंच केली असती..."

"घाईतलं काम तुला आवडत नाही."

ते रागाने म्हणाले नव्हते. ते तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिने सरांच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे तेच होते, जाड भिंगाचा चष्माही तोच होता. सकाळी उठून कशासाठी ते चष्मा लावत असतील?

"दिवाळीच्या आधी आले असते तर..." ती म्हणाली.

"एक पान बघितलं असतं. एखाददुसरं."

"चार महिन्यांत टाइप झालं होतं, सर. पहिल्याच वर्षी. ओळी थोड्या वाकड्या होत्या, बाकी काही नव्हतं. तेव्हाच तुम्हाला आणून दिलं असतं तर..."



सरांनी पुस्तक तिच्याकडे केलं.

"वाच."

"काय वाचू?"

"कुठलंही. दिसत होतं तेव्हा दाखवलं नाहीस. आता ऐकव तरी."

तिने सत्तेचाळिसावं पान उघडलं. या पानाचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता. इतरांना दाखवतानाही ती हेच पान उघडायची. पाच ओळी, बरोबरची चिन्हं मधून दोरी सोडावी तशी सरळ.

तिने डोळे पुसले आणि ती वाचायला लागली.

"क्षचा वर्ग अधिक सहा क्ष, बरोबर सोळा."

"पुढं."

"क्षचा वर्ग अधिक सहा क्ष अधिक नऊ, बरोबर पंचवीस."

"नऊ का?"

"सहाचं निम्मं तीन. तीनचा वर्ग नऊ. दोन्हीकडे मिळवला."

"हं. पुढं."

"कंसात क्ष अधिक तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग... बरोबर पंचवीस."

सरांनी मान हलवली. चेहरा जरा सैल झाला होता. ओठ तिच्यासोबत हलत होते. पुढची ओळ तिच्याआधी त्यांच्या तोंडात आली होती, पण त्यांनी ती तिला वाचू दिली.

"क्ष अधिक तीन, बरोबर अधिक पाच."

सरांचे ओठ थांबले.

"म्हणून क्ष बरोबर दोन, किंवा क्ष बरोबर उणे आठ," वहिदाने वाचून संपवलं.

"परत वाच."

"म्हणून क्ष बरोबर दोन, किंवा..."

"त्याच्या वरची."

"क्ष अधिक तीन, बरोबर अधिक पाच."

"उणे आठ कुठून आलं?"

वहिदाने ओळीकडे पाहिलं. ही ओळ तिला पाठ होती. बरोबर आणि अधिक यांच्यामधली फट तिला फार वाटली होती, म्हणून तिने ती केसभर कमी केली होती. दोन दिवस त्यात गेले होते.

उणे आठ कुठून आलं, हे त्या दोन दिवसांत तिच्या मनात आलं नव्हतं.

"अधिक पाच असेल तर दोन येतात," सर हळूच म्हणाले. "उणे आठ यायला उणे पाच लागतात. अधिक किंवा उणे... वर अधिक, खाली रेघ. ती रेघ आहे का?"

"नाही."

"नीट बघ."

"नाही, सर. नुसतं अधिक आहे."

सरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि परत लावला.

"वहीत काय आहे?"

वहिदाने त्या अधिकच्या चिन्हावर बोट ठेवलं.

"माझ्याच वहीत असं असेल," सर म्हणाले. "लिहिताना रेघ राहिली असेल. शेवटची वही लिहिली तेव्हा नजर अधू व्हायला लागलीच होती. पण ही तर दुसरी वही..." ते थांबले. "म्हणजे तेव्हापासूनच चुकत होतो की काय मी? इतक्या पोरांना तसंच शिकवलं?"

सातही वह्या वहिदाच्या घरी कपाटात होत्या. सर त्या कधीच वाचू शकणार नव्हते. ती गप्प राहिली असती तर तिथेच सगळं मिटलं असतं.

सर उत्तराची वाट पाहत होते. एका हाताने त्यांनी दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं.

"वहीत रेघ आहे, सर," ती म्हणाली.

"आहे?"

"सगळीकडे आहे. पुस्तकातली मी काढून टाकली."

"का?"

तिला ती दुपार आठवली. तिसरं वर्ष होतं, सातही वह्या दुसऱ्यांदा घालून झाल्या होत्या. तिने निवडलेल्या फॉन्टमध्ये अधिक-उण्याचं चिन्हच नव्हतं. त्याच्या जागी प्रत्येक ठिकाणी एक रिकामा चौकोन दिसायचा. ओळीची रुंदी बिघडायची, चिन्हं एकाखाली एक येईनात. तेव्हा तिने सगळ्या चौकोनांच्या जागी तात्पुरतं अधिक घातलं. एकदाच कळ दाबली. आधी ओळी जुळवू, रेघ नंतर घालू. तशी चिठ्ठी लिहून तिने संगणकाच्या पडद्याच्या कडेला चिकटवली होती. ती कधीतरी पडली असेल. केराबरोबर गेली असेल.

तिने हे सगळं सांगितलं. सर ऐकत होते.

"किती ठिकाणी?"

"दोनशे चौदा."

"आकडा बरा ध्यानात राहिला."

"संगणक सांगतो, सर. दोनशे चौदा जागी बदल झाला. मला तेव्हा आनंद झाला होता... एका दमात सगळ्या ओळी सरळ झाल्या होत्या."

दारातून ऊन सतरंजीवर आलं होतं.

"त्यानंतर तीन वर्षं तू काय बघत होतीस?"

"हीच पानं, सर. शेकडो वेळा बघितली."

"बघितलीस."

"हो."

"हं."

काकू आतून उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सरांना ते कळलं असावं. त्यांनी हात वर केला. काकू तिथूनच परत फिरल्या.

"ही एकच प्रत आहे ना?" सरांनी विचारलं.

वहिदाने मान खाली घातली. मग सरांना ते दिसत नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"पाचशे छापल्या."

"कुठं आहेत?"

"वाटल्या, सर. काल आणि परवा. वीस शाळांत स्वतः जाऊन दिल्या. म्हटलं, गणितात जी मुलं राहिलीत त्यांच्याच हातात द्या. सगळं वाटून झालं की मग तुमच्याकडे यायचं ठरवलं होतं. तुम्हाला एकदम सांगायचं होतं..."

तिने पुस्तक मिटून खाली ठेवलं.

"मी परत गोळा करते," ती म्हणाली. "उद्यापासून. एकेका शाळेत जाते."

"जा."

"परत छापते. सगळी दोनशे चौदा ठिकाणं वहीवरून तपासते."

"तपास."

"महिन्याभरात होईल, सर. नाहीतर दोन. आता मी ओळींकडे बघणार पण नाही..."

"हं."

"सर, काहीतरी बोला! नुसतं हं म्हणू नका. रागवा माझ्यावर."

"रागवायला समोरचं तोंड दिसावं लागतं, वहिदा."

ती रडायला लागली. सरांनी तिला रडू दिलं. गल्लीतून भाजीवाली ओरडत गेली. तिचा आवाज घाटाकडे वळेपर्यंत दोघंही तशीच बसून होती.

"तू नववीत होतीस," सर म्हणाले. "मे महिन्यात आली होतीस. तिथं, खांबाला टेकून बसायचीस. मान वर करायची नाहीस."

"हो."

"गणितात किती होते?"

"अकरा."

"पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, कुठं अडतं? आठवतं, काय म्हणालीस?"

तिला आठवत होतं. तिला ते बोलायचं नव्हतं.

"सांग."

"कुठंच अडत नाही, म्हणाले होते. मलाच डोकं नाही, म्हणाले होते."

"किती दिवस म्हणत होतीस?"

"तो पूर्ण महिना."

"आता एखाद्या पोरीनं ते पान उघडलं असेल," सर म्हणाले. "दोनपर्यंत तिला कळलं असेल. मग उणे आठ दिसलं असेल. वरची ओळ बघितली असेल. परत खालची. परत वरची. सापडलं नसेल."

"सर, नको..."

"छपाई इतकी सुरेख. कंस इतके उंच. पुस्तक चुकलंय, असं ती म्हणेल?"

"नाही."

"मग काय म्हणेल?"

वहिदाने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.



थोड्या वेळाने तिने हात बाजूला केले. "या मे महिन्यात वर्ग...?"

"नाही. गेल्या वर्षी दोघी आल्या होत्या. यंदा कुणी नाही. आंधळ्याकडं गणित शिकायला कोण पाठवेल? आणि वह्याही नव्हत्या माझ्याकडं. वह्या असत्या तर ही वाचून दाखवणार होती." त्यांनी आतल्या बाजूला मान केली. "हिला गणित येत नाही. पण वाचता येतं."

वहिदाला घरच्या कपाटातल्या वह्या आठवल्या. कापड सोडून तिने त्यांना प्लास्टिकची आवरणं घातली होती. धूळ बसू नये म्हणून.

"उद्या आणून देते," ती म्हणाली.

"कुणासाठी?"



सर उठले. भिंतीला हात लावत कोनाड्यापर्यंत गेले. चाचपून एक शाईचं पेन काढलं. टोपण काढून निब बोटाला लावून पाहिली. बोटाला शाई लागली की नाही, हे त्यांना कळलं नाही. त्यांनी बोट वहिदापुढे धरलं.

"लागली?"

"लागली, सर."

ते खाली बसले. पुस्तक पुन्हा मांडीवर घेतलं.

"ते पान काढ."

तिने सत्तेचाळिसावं पान उघडून दिलं.

"माझा हात त्या अधिकवर ठेव."

"सर, मी घालते ना रेघ. मला दिसतंय..."

"हात ठेव."

तिने त्यांचं मनगट धरलं. हात हलका होता. निबेचं टोक तिने अधिकच्या चिन्हाखाली नेऊन ठेवलं.

"इथं, सर."

"सोड."

तिने हात सोडला.

सरांनी श्वास आत घेतला. फळ्यावर मारायचे तशी एकदम रेघ मारली.

निब कागदात अडकली, मग सुटली. रेघ तिरकी खाली गेली, खालच्या ओळीत शिरली आणि त्या ओळीवरून पार समासापर्यंत ओढली गेली. मागून शाई पसरली.

सरांनी पेन उचललं.

"बसली जागेवर?"

वहिदा पानाकडे पाहत राहिली... सहा वर्षांतलं तिचं सगळ्यात देखणं पान.

"नाही, सर. खालच्या ओळीवरून गेली."

"कुठली ओळ?"

"उत्तराची."

"वाचता येतेय ती?"

"नाही."

पेन सरांच्या बोटांत उभं होतं, निबेवर शाईचा थेंब धरत होता.

मग त्यांनी दुसऱ्या हाताने पुस्तक तिच्याकडे थोडं सरकवलं.

"पुढचं पान लाव."